‘मास्तर, होईल ना हिचं?’

दहावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात पेढ्यांचे पुडे येतात आणि पुड्यांच्या मागोमाग एक प्रश्न येतो. पालक खुर्चीत बसतात, मुलगा किंवा मुलगी दाराला टेकून उभी राहते, आणि थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर वडील गळा साफ करून विचारतात, ‘मास्तर, होईल ना हिचं?’ होईल म्हणजे आयआयटीत होईल. त्यातही बहुतेकांच्या मनात पवईची आयआयटी असते, कारण मुंबई आपल्याला जवळची. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या निम्म्या घरांचा कोणी ना कोणी मुंबईला असतोच.

आम्ही म्हणजे आपल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारे तिघे. संपादकांनी यंदा आम्हाला सांगितले की, या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे ते वार्तापत्रात एकदा लिहा, म्हणजे पालकांना, मुलांना आणि विश्वस्त मंडळींनाही उपयोग होईल. विषय मोठा आहे, आणि या विषयात आमची एक चूकही झालेली आहे. ती आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच पुढचे सारे आम्ही शिकलो.

ही गोष्ट २०१२ सालची. डिचोली तालुक्यातला एक मुलगा पेडण्याला मामाकडे राहून आपल्या शाळेत शिकत होता. वडिलांचा स्वतःचा ट्रक, तो खाणीवर चाले. मुलगा गणितात तल्लख, वर्गात नेहमी पहिला. दहावीला उत्तम गुण मिळाले, आम्ही त्याचा फोटो सूचनाफलकावर लावला आणि वडिलांनी विचारताच तिघांनीही एका आवाजात सांगितले, ‘नक्की होणार!’ त्या शब्दावर वडिलांनी मुलाला गोव्याबाहेरच्या क्लासला घातले. त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. तरी त्यांनी कर्ज काढून दोन वर्षे फी भरली. २०१४ साली मुलगा जेईई मेन ही पहिली परीक्षा पार झाला, पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या दुसऱ्या परीक्षेत पात्र ठरला नाही. त्यानंतर तो कित्येक वर्षे शाळेकडे फिरकला नाही. गणेशचतुर्थीला मामाकडे येई, पण आमची गाठ टाळी.

पुढे तो फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, आता चांगल्या नोकरीत आहे. काही वर्षांनी एकदा बाजारात भेटला तेव्हा आम्हीच विषय काढला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘सर, त्या वेळी तुम्ही मला एकदा तो पेपर दाखवायला हवा होता.’

खरे सांगायचे तर तो पेपर त्या वेळी आम्हीही नीट पाहिलेला नव्हता. दहावीच्या गुणांवरून आम्ही आयआयटीचे भविष्य सांगितले होते. भाताच्या मापाने तेल मोजावे तसा हा प्रकार झाला.

त्यानंतर आम्ही ठरवले की ‘नक्की’ हा शब्द या खोलीत पुन्हा उच्चारायचा नाही. आणि परीक्षेची माहिती नीट मिळवायची.

ती माहिती थोडक्यात अशी. देशात आयआयटी २३ आहेत. २०२४ साली त्यांत मिळून १७,७४० जागा होत्या. त्या वर्षी जेईई मेनला १४ लाखांहून अधिक मुले बसली. मेनमधून सुमारे अडीच लाख मुलांना अ‍ॅडव्हान्स्डला बसण्याची मुभा मिळते. २०२४ साली अ‍ॅडव्हान्स्डच्या दोन्ही पेपरांना १,८०,२०० मुले बसली, पात्र ठरली ४८,२४८. म्हणजे पात्र ठरलेल्या दर अडीच-तीन मुलांमागे जागा एक. ‘मुलगा पात्र झाला’ म्हणून पेढे वाटावेत, जरूर वाटावेत, पण ‘जागा मिळाली’ म्हणून वाटू नयेत. मेनला बसलेल्या मुलांशी हिशेब केला तर ऐंशी मुलांमागे एक जागा पडते. आणि पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स हवे असेल, तर खुल्या गटातल्या जागा गेली काही वर्षे देशातल्या पहिल्या सत्तर क्रमांकांच्या आतच संपतात.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. मेनच्या निकालात ‘९९ पर्सेंटाइल’ असे लिहून आले की घरात आनंदीआनंद होतो. शंभरात नव्व्याण्णव गुण मिळाले असा समज होतो. त्याचा अर्थ एवढाच की शंभरातली नव्व्याण्णव मुले तिच्या मागे आहेत किंवा तिच्या बरोबरीने आहेत. चौदा लाखांत एक टक्का म्हणजे चौदा हजार. तेवढी मुले तिच्या पुढे आहेत. यश मोठे आहेच, पण ते केवढे मोठे आहे हे आकड्याने समजून घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट याच्या उलट, धीर देणारी. आपल्या मुलांना नव्वद टक्क्यांची सवय असते. घरी बसून अ‍ॅडव्हान्स्डचा जुना पेपर सोडवला आणि शंभरात पस्तीस पडले की मूल रडायला लागते. २०२४ साली खुल्या यादीत पात्र ठरायला ३६० पैकी १०९ गुण पुरे होते, म्हणजे तीस टक्क्यांच्या थोडे वर. त्या पेपरात पस्तीस टक्के ही रडण्याची गोष्ट नाही. पेपरच असा काढलेला असतो की हुशार मुलांनाही बराचसा येऊ नये.

आता दुसऱ्या मुलीकडे वळतो. तिचे नाव लिहीत नाही, पण गावातल्यांना ती ओळखू येईल. तिची व तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत.

२०२२ च्या जूनमध्ये तिचे वडील पेढे घेऊन आले. पेडणे तालुक्यातले घर, गावात छोटे दुकान, आणि डोंगराच्या उतारावर आजोबांनी लावलेली काजूची बागायत. मोपाचा विमानतळ तेव्हा पुरा होत आला होता (त्याचे उद्घाटन त्याच वर्षी डिसेंबरात झाले) आणि आसपासच्या जमिनींना कधी नव्हे ती किंमत आली होती. दलाल विसार द्यायला तयार होता. वडिलांचा प्रश्न नेहमीचाच होता, पण या वेळी त्याला एक शेपूट होते. ‘मास्तर, होईल ना हिचं? तुम्ही हो म्हणालात तर बागायत देऊन टाकतो आणि हिला बाहेरच्या क्लासला घालतो. नाही म्हणालात तर नाही.’

म्हणजे आमच्या एका शब्दावर आजोबांची काजूची झाडे राहायची किंवा जायची होती. आम्हाला अंगणात उभा राहिलेला तो ट्रक आठवला.

आम्ही त्यांना सांगितले, ‘आज आम्हाला सांगता येत नाही. दहावीचे गुण पाहून जो कोणी आज सांगतो त्याला विचारा की कशावरून सांगतोस. विसार सध्या घेऊ नका. हिला अकरावीला इथेच जाऊ द्या, वर्षभर आम्ही दर रविवारी हिच्याबरोबर बसतो. मग बोलू.’ ते नाराज झाले. हो किंवा नाही ऐकण्यासाठी आलेल्या माणसाला ‘थांबा’ हे उत्तर वाटत नाही. पण मुलगी दारातून म्हणाली, ‘बाबा, थांबूया.’

पहिल्या रविवारी आम्ही तिला दहावीपर्यंतच्याच गणितावरची, पण पुस्तकात नसलेली पाच उदाहरणे दिली. उत्तरे किती बरोबर येतात हे पाहायचे नव्हते. न येणाऱ्या उदाहरणापुढे ती काय करते ते पाहायचे होते. काही मुले दोन मिनिटांत पेन खाली ठेवतात. काही मुले शिकवलेली सूत्रे एकामागून एक लावून पाहतात. ही मुलगी चौथ्या उदाहरणावर पाऊण तास बसली. दोनदा चुकीच्या वाटेने गेली, दोन्ही वेळा आपली आपणच परत आली. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात आम्हाला गाठून तिने ते सांगितले. दहावीच्या गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नाही, आणि पुढच्या परीक्षेत सगळ्यात जास्त हीच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती भाषेची. आपल्याकडची पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत जातात. जेईई मेनचा पेपर २०२१ पासून मराठीतही निघतो, पण अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर इंग्रजी आणि हिंदी एवढ्याच भाषांत असतो. ही मुलगी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायची. आम्ही एक युक्ती केली. भौतिकशास्त्राचे सहा प्रश्न तिला इंग्रजीतून सोडवायला दिले आणि तेवढेच कठीण दुसरे सहा मराठीतून तोंडी सांगितले. मराठीतल्यांना जवळजवळ निम्माच वेळ लागला. म्हणजे अडचण भौतिकशास्त्राची नव्हती, वाचनाच्या वेगाची होती. वेग सरावाने वाढतो. हे कळल्यावर पुढचे सहा महिने रोज अर्धा तास ती फक्त इंग्रजी प्रश्न वाचायची आणि ‘काय दिले आहे, काय विचारले आहे’ एवढेच दोन ओळींत लिहायची. सोडवायचे नाही. मूल कुठे अडते हे नेमके शोधणे हा शक्यता ओळखण्यातला निम्मा भाग आहे असे आम्हाला वाटते.

अकरावी संपली, एप्रिल २०२३ आला. अ‍ॅडव्हान्स्डचे जुने पेपर परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांतले अकरावीच्या अभ्यासक्रमावरचे प्रश्न निवडून आम्ही तीन रविवारी तीन-तीन तासांचे पेपर घेतले, घड्याळ लावून, संगणकावर, चुकीच्या उत्तराला गुण वजा करून. तिला अनुक्रमे २२, ३१ आणि ३० टक्के पडले. मग वडिलांना बोलावले. या वेळी आईही आली.

आम्ही कागदावर दहा रेघा ओढल्या आणि म्हणालो, ‘हिच्यासारख्याच दहा मुली डोळ्यांसमोर आणा. एवढीच बुद्धी, एवढाच अभ्यास, असेच घर. आमच्या अंदाजाने पवईला कॉम्प्युटरला यांतली एकही जाणार नाही. देशातल्या कुठल्या ना कुठल्या आयआयटीत, मिळेल त्या शाखेत, दोघी किंवा तिघी जातील. गोव्याच्या एनआयटीत सातजणींना जागा मिळेल. आणि दहाच्या दहाही चांगल्या इंजिनियर होतील.’

वडील म्हणाले, ‘म्हणजे नाही असंच ना?’

मुलगी म्हणाली, ‘दहात तीन म्हणजे नाही कसं, बाबा?’

आकडा एकच होता. एकाने त्यात नकार ऐकला, दुसरीने वाट ऐकली. तेव्हापासून अंदाज सांगताना मूल समोर असल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही. परीक्षा त्याने द्यायची असते, तर आकडाही त्यानेच ऐकायला हवा.

मग बागायतीचा विषय निघाला. मोठ्या क्लासला घातले तर दहातल्या तीनच्या किती होतील? आम्ही म्हटले, ‘चार, फार तर पाच. हमी नाही.’ केंद्र सरकारने पुढे जानेवारी २०२४ मध्ये क्लासवाल्यांसाठी नियम घालून दिले. त्यांत रँकची किंवा गुणांची हमी देऊ नये, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. पण आमच्या समोरच्या कागदावरचा हिशेब त्याआधीचा होता. एका बाजूला दोन रेघा, दुसऱ्या बाजूला बागायत. आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, ‘झाडं विकून ही तिकडे गेली आणि नाही झालं, तर ही घरी परत कशी येणार?’ मुलीने खाली पाहिले. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मला संगणक आणि रविवार द्या. बागायत राहू दे.’

अशा घरांसाठी एक सांगतो. शिक्षण मंत्रालयाने आणि आयआयटी कानपूरने २०२३ साली ‘साथी’ नावाचे फुकट शिकवणीचे व्यासपीठ सुरू केले आहे. आमच्या मुलीने बारावीचा बहुतेक सराव त्यावर आणि जुन्या पेपरांवर केला. शिकवणारा समोर नसतो, शंका मनात राहते, हे खरे. शंकांसाठी रविवार होता. कधी कधी आम्हालाही उत्तर येत नसे. मग चौघे मिळून डोके खाजवायचो.

बारावीच्या वर्षात आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. एकाच मुलाची शक्यता प्रत्येक दारात वेगळी असते. गोव्यात २०१६ पासून फर्मागुढीला आयआयटी आहे म्हणून पुष्कळ पालकांना वाटते की तिथे गोंयकारांसाठी राखीव जागा असतील. तसे नाही. कुठल्याच आयआयटीत त्या राज्यातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा नसतात. एनआयटीत असतात. २०१० साली सुरू झालेल्या आणि आता कुंकळ्ळीला असलेल्या आपल्या एनआयटीत गोव्यातल्या मुलांसाठी राखलेल्या जागा आहेत, आणि प्रवेश जेईई मेनवर होतो. वास्कोजवळ झुआरीनगरला २००४ पासून बिट्स पिलानी आहे, तिची परीक्षा वेगळी, फी खासगी. विज्ञानच शिकायचे असेल तर पुण्याला २००६ पासून आयसर आहे, त्यांचीही परीक्षा स्वतंत्र. डॉक्टर व्हायचे असेल तर नीट ही परीक्षा साऱ्या देशाची असली तरी गोमेकॉतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. मुलींसाठी आयआयटीत २०१८ पासून जादा जागा काढल्या आहेत, त्यामुळे त्याच शाखेत मुलींना थोड्या मागच्या क्रमांकावरही प्रवेश मिळतो. तरी २०२४ साली पात्र ठरलेल्या ४८,२४८ मुलांत मुली ७,९६४ च होत्या. आपल्या पोरींना अजून बरीच जागा मोकळी आहे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

कागदपत्रांची शक्यताही असते. इतर मागासवर्गीयांत मोडणाऱ्या मुलांचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. दाखला जुना निघाला तर ऐन वेळी धावपळ होते. बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत स्थान, अशीही अट आहे. म्हणून बोर्डाचा अभ्यास सोडून चालत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, हेही आधी माहीत असावे.

आता निकाल सांगायला हवा. २६ मे २०२४ ला मुलीने अ‍ॅडव्हान्स्ड दिली, एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. ९ जूनला निकाल लागला. ती पात्र ठरली. दूरच्या एका आयआयटीत तिला मनातून नको असलेली शाखा मिळत होती, आणि कुंकळ्ळीच्या एनआयटीत इलेक्ट्रिकल. तिने कुंकळ्ळी घेतले. पेडण्याच्या स्टेशनवरून रेल्वेने मडगाव गाठते, सुटीला घरी येते. गेल्या हंगामात आईबरोबर काजू वेचायलाही गेली होती.

आमचा अंदाज बरोबर ठरला, असे कोणी म्हणाले तर आम्ही मान डोलावत नाही. एका मुलीवरून दहातल्या तीनचा अंदाज खरा की खोटा ठरत नाही. मोठ्या क्लासला गेली असती तर कदाचित पवईची नाही तरी आवडीची शाखा आयआयटीत मिळाली असती. हा विचार आमच्यापैकी एकाला अधूनमधून अजून टोचतो. एकदा आम्ही तिला विचारले, ‘तुला वाईट वाटतं का?’ ती म्हणाली, ‘वाटतं कधी कधी. पण मला सगळं सांगून झालं होतं ना.’ त्या दुसऱ्या वाक्यासाठी आम्ही पहिले वाक्य सोसायला तयार आहोत. डिचोलीच्या त्या मुलाला हे आम्ही देऊ शकलो नव्हतो.

आपल्या शाळेच्या सभागृहात गोव्याच्या थोर माणसांच्या तसबिरी लावलेल्या आहेत. दहावीच्या निरोप समारंभात आपण त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगतो, ‘हे होऊ शकले, तर तुम्ही का नाही?’ सांगावेच. पण त्या तसबिरींच्या मागे काय होते तेही सांगावे. दामोदर कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. पण सांकवाळचे त्यांचे वडील धर्मानंद हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम करीत होते, आणि १९१८ पासून मुलाचे शालेय शिक्षण बरेचसे तिथेच झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर १९४३ साली माशेलला जन्मले. लहानपणीच वडील गेले, आईने मुंबईत कष्ट करून वाढवले. १९६० साली ते शालान्त परीक्षेत महाराष्ट्रात अकरावे आले, तरी घरच्या ओढीने शिक्षण सोडायच्या बेतात होते. टाटांच्या न्यासाची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढे शिकले आणि १९६६ साली मुंबईच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनियर झाले. म्हापशाला जन्मलेल्या मनोहर पर्रीकरांचे माध्यमिक शिक्षण मराठीतून झाले आणि १९७८ साली ते पवईच्या आयआयटीतून धातुशास्त्राचे इंजिनियर होऊन बाहेर पडले.

बुद्धी तिघांचीही असामान्य होती. पण एकाच्या मागे वडिलांचे हार्वर्ड होते आणि दुसऱ्याच्या मागे महिना साठ रुपये. मुलाची शक्यता म्हणजे केवळ मुलाच्या डोक्याची शक्यता नसते. मागे उभे राहणारे कोण आहेत यावरही ती ठरते, आणि तेवढा भाग आपल्या हातातला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. निकालानंतर फाटकावर जो मोठा फलक लागतो त्याचा खर्च एक वर्ष वाचवावा आणि शाळेची संगणक खोली रविवारी सकाळी नऊ ते एक माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. वीज, इंटरनेट आणि खोलीची किल्ली, एवढेच लागेल. बसायला आम्ही आहोत. अकरावी-बारावीची मुले कुठल्याही उच्च माध्यमिकातली असोत, ती आपलीच आहेत. डिचोलीचा तो माजी विद्यार्थीही महिन्यातून एक रविवार यायला कबूल झाला आहे. ‘पेपर दाखवायला येतो,’ म्हणाला.

पालकहो, तुमच्यासाठी एवढेच. जमीन, दागिने, कर्ज यांचा निर्णय दहावीच्या निकालाच्या आठवड्यात करू नका. आधी मुलाला पेपर पाहू द्या. मग आकडा विचारा, आणि तो मुलासमोर विचारा. जो आकडा सांगेल त्याला ‘कशावरून?’ असेही विचारा, आम्हालासुद्धा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमची शक्यता कोणी दहात तीन सांगितली तर ती दहात तीन आहे. शून्य नाही आणि दहाही नाही. न येणाऱ्या उदाहरणापुढे पाऊण तास बसता येत असेल, तर रविवारी या. येताना पाण्याची बाटली आणि कच्चे काम करायला जुनी वही घेऊन या. यंदाच्या दहावीच्या सर्व मुलामुलींना आम्हा तिघांच्या मनःपूर्वक शुभेच्छा.